जिनिंगच्या आवारातील मोटारी

गेल्या मार्गशीर्षातील गोष्ट. रविवारची सकाळ होती आणि थंडी बऱ्यापैकी होती. कानटोपी घालून आम्ही आमच्याच घरच्या मोटारीत पुढे बसलो होतो आणि सारथ्य करीत होता आमचा नातू. खरे पाहता तो आमच्या वडील बंधूंचा नातू. परंतु एकत्र कुटुंबात असला हिशोब कोणी ठेवीत नाही. बुलढाण्याच्या रस्त्याने मलकापुराबाहेर पडल्यावर एका बंद पडलेल्या जिनिंगच्या आवारात त्याने गाडी वळविली. तेथे काही जुन्या मोटारी जमणार आहेत, एवढेच आम्हांस ठाऊक होते. बोलाविले कोणी, असे विचारता, ‘कोणीच नाही, आबा, ज्याला यावेसे वाटते तो येतो,’ असे उत्तर मिळाले. अध्यक्ष नाही, स्वागताध्यक्ष नाही, आभारप्रदर्शनही नाही! शाळेत छत्तीस वर्षे काढलेल्या मनुष्यास असला समारंभ हा समारंभच वाटू नये, यात नवल ते काय?

पण आम्ही गेलो ते केवळ करमणुकीसाठी नव्हे. घरात महिनाभर एक प्रश्न घोळत होता आणि त्याचा निर्णय आमच्यावर येऊन पडला होता.

आमची मोटार म्हणजे मारुती ८००. पांढरी, १९८५ सालची. आमचे वडील बंधू, ज्यांना आम्ही दादा म्हणत असू, येथील न्यायालयात वकिली करीत. १९८३ च्या उन्हाळ्यात या मोटारीसाठी नावे घेण्यास आरंभ झाला, तेव्हा दहा हजार रुपये अनामत भरून त्यांनी आपले नाव घातले. दोन महिन्यांत देशभरातून सव्वा लाखावर लोकांनी असेच पैसे भरले होते. त्या काळी मोटार घ्यावयाची तर अँबॅसेडर किंवा पद्मिनी, आणि तीही वर्षानुवर्षे वाट पाहून. त्यामुळे पन्नास हजारांच्या आसपास किमतीची नवी जपानी धर्तीची गाडी ही बातमीच लोकांस अद्भुत वाटली. १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींनी पहिल्या गाडीची किल्ली ग्राहकाच्या हाती दिली. आमची गाडी त्यानंतर दोन वर्षांनी दारात आली. वहिनींनी तिला ओवाळले आणि शेजारच्या आजींनी ‘एवढीशीच का?’ असे विचारून दादांचा हिरमोड केला.

गाडी चार माणसांची. पण आमच्या घरून कोठेही निघावयाचे म्हटले की चार हा आकडा कधी निघालाच नाही. सहा मोठी माणसे आणि मांड्यांवर मुले अशी ती लोणारास गेली, सिंदखेडराजास गेली, शेगावास किती वेळा गेली याची गणती नाही. एका रात्री आमच्या मातोश्रींना जळगावास न्यावे लागले ते याच गाडीतून, आणि परत आणिले तेही याच गाडीतून.

आता प्रश्न असा की, खासगी मोटारीची नोंदणी प्रथम पंधरा वर्षांची असते. पुढे तपासणी करून ती पाच पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. आमच्या गाडीची मुदत २०२५ च्या डिसेंबरात संपत होती. एके काळी या नूतनीकरणाचे शुल्क सहाशे रुपये असे. १ एप्रिल २०२२ पासून ते पाच हजार झाले. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये निघालेल्या नव्या नियमान्वये वीस वर्षांहून जुन्या मोटारीस दहा हजार पडू लागले. पर्यावरण कर निराळा. पुण्यास असलेल्या पुतण्याचे म्हणणे सरळ होते: गाडी मोडीत काढावी, शासनमान्य मोड-केंद्राचा दाखला घ्यावा आणि त्यावर नव्या गाडीत सवलत मिळवावी. त्याच्या चिरंजीवाचे म्हणणे अगदी उलट. गाडी ठेवावी, पण रुंद चाके, खाली बसविलेला सांगाडा, दुसरे जोरकस इंजिन असा तिचा कायापालट करावा! वहिनी ऐंशीच्या घरात आहेत. त्या काहीच बोलल्या नाहीत. दसऱ्यास मात्र त्यांनी गाडीला नेहमीपेक्षा मोठा हार घातला होता, हे आमच्या ध्यानात होते.

‘आबा, निर्णय करण्यापूर्वी एकदा माझ्याबरोबर चला,’ असे नातू म्हणाला, आणि म्हणून आम्ही त्या आवारात उतरलो.

मोटारी अकरा होत्या. एमएच २८ ही आपल्या बुलढाण्याची, १९ ही जळगावची आणि ३० ही अकोल्याची. अशा तिन्ही जिल्ह्यांच्या पाट्या दिसल्या. मारुती ८०० आमची धरून चार, व्हॅन दोन, जिप्सी एक. म्हणजे जपानी रक्ताच्या सात. उरलेल्यांत एक अँबॅसेडर, एक पद्मिनी आणि दोन विलक्षण जीपगाड्या; त्यांचे वर्णन पुढे येईल. कोणी शेगावहून कचोऱ्या आणिल्या होत्या. एका व्हॅनचे मागचे दार वर उघडून तेथेच चहाचे दुकान मांडले होते. मुले एकमेकांच्या गाडीखाली आडवी होऊन पाहत होती. कोणी कोणास विचारल्याशिवाय बॉनेट उघडीत नव्हता. हा शिष्टाचार त्यांना कोणी शिकविला, कोण जाणे. वर्गात तरी आम्हांस तो शिकविता आला नाही.

या लहान जपानी गाड्यांचे कुळ मोठे रंजक आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानात सामान्य कुटुंबास मोटार परवडण्याजोगी नव्हती. १९४९ मध्ये तेथील शासनाने ‘केइ-जिदोशा’ म्हणजे ‘हलके वाहन’ असा एक वर्गच कायद्याने निर्माण केला. प्रथम त्याची मर्यादा अडीच-तीन हातांच्या खेळण्यास शोभावी अशी होती: रुंदी एक मीटर, आणि इंजिन फार तर १५० घनसेंटिमीटर. पुढे ती वाढत गेली. १९५५ मध्ये ३६०, १९७६ मध्ये ५५०, आणि १९९० पासून ६६० घनसेंटिमीटर. लांबीची आजची मर्यादा ३.४ मीटर, रुंदीची १.४८ मीटर. या मर्यादेत राहणाऱ्यास कर कमी. शिवाय जपानात मोटार घेण्यापूर्वी ती उभी करावयास जागा असल्याचा दाखला द्यावा लागतो. ग्रामीण भागांत केइ गाडीला त्यातूनही सूट आहे. आजही तेथे विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींपैकी सुमारे तिसरा हिस्सा याच वर्गाचा असतो. खासगी केइ गाडीची पाटी पिवळी, अक्षरे काळी. म्हणजे तेथला सभ्य गृहस्थ आपल्याकडे आला तर त्यास लोक टॅक्सीवाला समजून हात करतील!

आमच्या मारुतीचा देह सुझुकीच्या अशाच गाडीचा आहे. जपानात तिच्यात ५५० च्या मर्यादेतले इंजिन असे. परदेशासाठी, आणि म्हणून आपल्यासाठी, त्याच देहात तीन सिलिंडरांचे ७९६ घनसेंटिमीटरचे इंजिन बसविले. इंजिनामुळे ती जपानच्या कायद्यात केइ ठरली नसती. परंतु जात तीच. ज्या व्हॅनला पुढे ओम्नी हे नाव मिळाले, तिच्यातही इंजिन हेच, मात्र पुढच्या आसनाखाली ठेविलेले. उन्हाळ्यात त्या आसनावर ज्याने प्रवास केला आहे, त्यास हे सांगावयास नको.

आणखी एक गोष्ट कापसाच्या या गावात सांगण्याजोगी आहे. सुझुकी कंपनीचा आरंभ मोटारींनी झालाच नाही. मिचिओ सुझुकी यांनी १९०९ मध्ये हामामात्सु गावी काढला तो कारखाना हातमाग-यंत्रमाग बनविण्याचा होता. १९५१ च्या सुमारास कापसाचा बाजार कोसळला, मागांना गिऱ्हाईक राहिले नाही, तेव्हा त्यांनी सायकलीस लावावयाचे इंजिन काढले आणि १९५५ मध्ये ‘सुझुलाइट’ ही पहिली लहान मोटार. आमच्या मलकापुरातही कापसाचे भाव पडून जिनिंगे बंद झालेली आम्ही पाहिली आहेत. ज्या आवारात आम्ही उभे होतो, तेथे रुईच्या गासड्यांऐवजी आता घाणेरी माजली होती. जिनिंग बंद झाल्यावर दुसरे काय करावे हे मलकापुरात कोणास सुचले नाही, आणि तेथे सुचले. असो, तो विषय निराळा.

आता त्या दोन जीपगाड्या. एकीचे बॉनेट, पुढचा आरसा, चाकांवरचे पत्रे, दारे, सर्व काढून टाकलेले. इंजिन उघडे, आणि तेही मूळचे नव्हे. दुसरी लाल रंगाची, मागची चाके पुढच्यांपेक्षा दांडगी, धूर सोडणारी नळी कडेने वर नेलेली. मुले त्यांना ‘हॉट रॉड’ म्हणत होती. नातवाने आम्हांस हा शब्द आधी शिकविला होता आणि आम्ही त्याचा थोडा अभ्यासही केला होता. म्हणून आम्ही हरकत घेतली. हॉट रॉड ही मूळ अमेरिकेतील, विशेषतः दक्षिण कॅलिफोर्नियातील वस्तू. फोर्डची ‘मॉडेल टी’ १९०८ पासून १९२७ पर्यंत दीड कोट निघाली. त्यामुळे तिसाव्या दशकात जुनी फोर्ड कोणाही तरुणास मातीमोलाने मिळे. १९३२ मध्ये फोर्डने आठ सिलिंडरांचे इंजिन स्वस्त गाडीत घातले आणि या मुलांचे भाग्य उजळले. पत्रे काढावयाचे, वजन घटवावयाचे, इंजिनाचे श्वास मोकळे करावयाचे आणि मोहावी वाळवंटातील मुरॉकसारख्या कोरड्या सरोवरांच्या सपाट तळावर शर्यती लावावयाच्या, असा तो उद्योग. तेव्हा विलीज जीप ही हॉट रॉड कशी?

यावर जीपवाला नम्रपणे हसला, ‘सर, आमच्याकडे तिला तेच म्हणतात,’ एवढेच म्हणाला, आणि आमचेच शास्त्र आमच्यावर उलटले. पूर्वमीमांसेत रथकाराच्या अग्न्याधानाविषयी एक प्रसिद्ध अधिकरण आहे. रथ करील तो रथकार, असा व्युत्पत्तीने अर्थ घ्यावा, की लोकांत ज्यांस रथकार म्हणतात तेच घ्यावेत? निर्णय असा झाला की, व्युत्पत्तीहून रूढी बलवान. जैमिनीच्या सूत्रांवर जे ठरले ते जिनिंगच्या आवारात अमान्य करण्याचे धाडस आम्हांस झाले नाही.

पाहता पाहता एक गोष्ट मात्र मनात ठसली. दिसावयास या दोन जाती किती भिन्न! एक नाकासमोर चालणारी, कायद्याने आखून दिलेल्या चौकटीत जन्मलेली. दुसरी चौकट मोडण्यासाठीच जन्मलेली. तरी दोहोंचे मर्म एकच, आणि ते म्हणजे भार कमी करणे. आमच्या गाडीचे वजन साडेसहाशे किलोच्या आसपास; म्हणून चाळीस घोड्यांहून कमी शक्तीत तिने आमचे आठ जणांचे कुटुंब ओढले. जपानी कारागिराने भार मुळातच घातला नाही, अमेरिकन पोराने तो मागाहून काढला.

त्या पोरांच्या कथेतला पुढला भाग आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो. रस्त्यांवर शर्यती लावून ती मुले मरत आणि मारीत. पण तेथे त्यांचे मेळेच मोडून काढण्यावर काम थांबले नाही. १९३७ मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियात या मुलांच्या मंडळांनी एकत्र येऊन संघ स्थापिला. नियम, तपासणी, वेळ मोजण्याची व्यवस्था आली. युद्धात यंत्रविद्या शिकून आलेले तरुण तिला मिळाले. जानेवारी १९४८ मध्ये लॉस एंजेलिस येथे त्यांच्या गाड्यांचे प्रदर्शन भरले आणि त्याच महिन्यात ‘हॉट रॉड’ नावाचे मासिक निघाले. १९५१ मध्ये राष्ट्रीय संघटना झाली आणि हा खेळ सार्वजनिक रस्त्यावरून उचलून धावपट्टीवर नेण्याचे काम तिने अंगावर घेतले. आपल्या गावच्या मुलांस धावपट्टी कोठली? राष्ट्रीय महामार्ग आहे. तेथे काय होते ते वर्तमानपत्रात येते.

आपल्याकडील कायदा तर फारच कडक आहे. १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाचे ५२ वे कलम असे की, कारखान्याने दिलेल्या मूळ तपशिलाहून भिन्न होईल असा फेरफार मालकाने करू नये. आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले आहे. इंजिन बदलावयाचे तर त्याच बनावटीचे व जातीचे. या जीपगाड्या म्हणूनच रस्त्याने आल्या नव्हत्या. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढवून आणिल्या होत्या, आणि तशाच परत जावयाच्या होत्या. हे ऐकून आम्हांस त्या मालकाविषयी आदर वाटला. नातवाचा चेहरा मात्र उतरला. रुंद चाकांचे स्वप्न पाहताना ट्रॉलीचा विचार त्याने केला नसावा.

दुसरीकडे, जे जुने आहे ते जपावयाचे म्हटले, तर २०२१ च्या जुलैत निघालेले नियम आहेत. पन्नास वर्षांहून जुनी, आणि सांगाडा, कवच, इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली मोटार ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदता येते. शुल्क वीस हजार, मुदत दहा वर्षे, क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे. मात्र ती नित्याच्या वापरास न्यावयाची नाही, प्रदर्शने, फेऱ्या इत्यादींपुरतीच काढावयाची. आमची गाडी चाळीस वर्षांची. तिचा सन्मान होण्यास दहा वर्षे अवकाश, आणि ती दहा वर्षे दर पाच वर्षांनी दंडासारखे शुल्क! साठ-सत्तरीच्या माणसास ही अवस्था चांगली कळते: कामास जुना, कौतुकास अद्याप कोवळा. मुंबईच्या पद्मिनी टॅक्सीचे तरी काय झाले? २९ ऑक्टोबर २०२३ हा तिचा रस्त्यावरचा शेवटचा दिवस; दुसऱ्या दिवसापासून तिच्यावर लेख येऊ लागले.

तितक्यात एक साठीचे मिस्त्री आमच्या गाडीपाशी येऊन उभे राहिले. आमचा जुना विद्यार्थी. संस्कृतात त्याला कधी पस्तीस गुण मिळाले नाहीत, हे त्यालाही आठवत होते आणि आम्हांलाही. त्याने बॉनेट उघडले, कान लावून इंजिन ऐकले आणि बोटे मोजीत सांगू लागला: कार्ब्युरेटर एकदा बदललेला, डायनॅमो दोनदा, डावे दार दुसऱ्या गाडीचे, तळाचा पत्रा नवा. आम्ही म्हणालो, ‘अरे, मग मूळची राहिली किती?’ मिलिंद राजास नागसेनाने विचारलेला प्रश्न आम्हांस आठवला: चाक म्हणजे रथ काय, आस म्हणजे रथ काय, दांडी म्हणजे रथ काय? मिस्त्रीने नागसेनाचे नावही ऐकले नसेल. तो म्हणाला, ‘इंजन मूळचं हाय सर, खालचा सांगाडाही मूळचा. बाकी बदलाचंच असते.’ मग जरा थांबून, ‘गाडी बंद नाई पडत सर. आपनच तिले बंद पाडतो.’

नातू त्याच्या शेजारी वाकून उभा होता. दोघे बराच वेळ बोलत राहिले. आम्हांस त्यातले फारसे कळले नाही. पण एक पाहिले. ज्या मुलास घरी दहा मिनिटे एका जागी बसवत नाही, तो तासभर त्या माणसाच्या हाताकडे पाहत होता. शाळेत मागल्या बाकावर बसविलेल्या त्या विद्यार्थ्याची आम्ही छत्तीस वर्षांत कधी अशी वाट पाहिली होती काय? नाही पाहिली. वेदकाळातही रथकारास अग्न्याधानाचा अधिकार मिळण्यास स्वतंत्र वचन लागले. आम्ही तर तेवढेही वचन कधी काढले नाही.

परतताना आम्ही नातवास सांगितले: दादांच्या गाडीला पाना लावावयाचा तो दुरुस्तीपुरता. चाके, इंजिन, सांगाडा यांस हात नाही. फेरफार शिकावयाचा असेल तर मिस्त्रीच्या शेडमध्ये मोडीतून आलेल्या व्हॅनचे इंजिन पडले आहे, ते रविवारी उघडावे आणि परत जोडून चालू करून दाखवावे. त्यास ते पसंत पडले, निदान त्याने तसे सांगितले.

पुण्याचा पुतण्या दूरध्वनीवर दोन मिनिटे गप्प राहिला आणि मग दहा हजारांची गोष्ट काढली. वहिनी माजघरातून ऐकत होत्या. त्या उठल्या, फडताळातून पाकीट काढून आणले आणि आमच्यापुढे ठेविले. ‘तुमच्या दादांनी दहा हजार भरले, तेव्हा मी कपाळाला हात लावला होता भाऊजी. महिनाभर त्यांच्याशी धड बोलले नव्हते. हे दहा हजार माझे.’

बुलढाण्यास तपासणीला गाडी उभी केली तेव्हा उजवा दिवा लागेना. आम्हांस घाम फुटला. शोध घेता कळले की, आदल्या संध्याकाळी नातवाने ‘पाहण्यासाठी’ उघडलेली तार परत जोडलीच नव्हती. मिस्त्री बरोबर होते म्हणून निभावले. कागद हाती आला त्यावर २०३० च्या डिसेंबरपर्यंतची मुदत आहे.

पुढल्या गुरुवारी शेगावास जावयाचे ठरले. वहिनी पुढे बसणार, हे पक्के. मागे कोण कोण, याची यादी घरात रोज वाढत होती; काल ती सात नावांवर पोहोचली होती.